घशातली साखळी

शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागते. मी चौथी पास, तीही जेमतेम. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेल्यासारखं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. पण मॅडम वारल्यापासून त्यांचं बोलणं कानातून जात नाही, म्हणून दुपारी भांडी झाली की जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर थोडं थोडं लिहिते. कुणाच्या हाती लागलंच तर चुका सांभाळून घ्या.

मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मॅडम. शाहूपुरीत एका औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांची लॅब होती. रक्त-लघवी तिथंही तपासायचे, पण मॅडमचं खरं शिक्षण जंतूंचं. घशातले, जखमेतले, बाळंतिणीच्या अंगातले जंतू वाढवून ओळखायचे आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते सांगायचं. मी तिथं काचसामान धुवायला आणि फरशी पुसायला लागले, आणि लॅब बंद होईपर्यंत तिथंच राहिले.

अंगानं ठेंगण्या, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, दाढेखाली कायम लवंग. आवाज कधी चढत नसे. ओरडणाऱ्या माणसाचा राग थोड्या वेळानं थकतो तरी. मॅडमचा थकत नसे. हळू बोलायच्या, त्यामुळं ऐकणाऱ्याला पुढं वाकून स्वतःचा अपमान नीट ऐकून घ्यावा लागायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, मग शिक्षण विचारलं. मी म्हटलं, "चौथी."

"बरं झालं. नावापेक्षा हे लक्षात राहील."

तेव्हापासून मी चौथी. पेशंटसमोरसुद्धा, "ए चौथी, बादली उचल." माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पगाराच्या पाकिटावरही चौथीच लिहायच्या.

मग म्हणाल्या, "बांगड्या उतरव."

मी म्हटलं, "मॅडम, मालक हायत की माझं."

"मग त्यांनाही आण. दोघं मिळून हात धुवा."

लॅबमधले चौगलेभाऊ हसले. ते मॅडमचे टेक्निशियन, मशीनवर बसायचे आणि मॅडम हसायला सांगतील तिथं हसायचे. मी बांगड्या उतरवल्या. तेवढ्यावर भागलं नाही. मॅडमनी माझा हात धरला आणि पाची बोटं एका प्लेटवर दाबली. ती प्लेट म्हणजे काचेची छोटी ताटली, तिच्यात मेंढीचं रक्त घालून थिजवलेली लाल खळ. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून त्यांनी झाकण काढलं. माझ्या पाची बोटांच्या जागी पिवळे-पांढरे ठिपके रुजून आले होते, वास येत होता.

"हा तुझा उजवा हात. ह्यानंच पोराला भरवतेस ना?"

त्या रात्री मुलाला चमच्यानं भरवलं. त्याला वाटलं आई रागावली आहे, तो रडला. मला हात धुवायला मॅडमनी शिकवलं असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण त्या प्लेटवर माझ्या नावाची चिठ्ठी लावून त्यांनी ती आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. चिठ्ठीवर अर्थातच चौथी.

मेंढीचं रक्त एक धनगर आणून द्यायचा. मेंढीच्या मानेतून सुईनं थोडं काढायचं, मेंढी परत चरायला मोकळी. मॅडम त्याला म्हणायच्या, "तुझ्या मेंढ्या माझ्या पेशंटपेक्षा बऱ्या. सुई टोचली तर निदान स्वतःची गोष्ट सांगत बसत नाहीत."

पेशंटनं गोष्ट सांगितलेली त्यांना खपत नसे. घसा दुखतोय म्हणून आलेलं माणूस सुरुवात करायचं, "मॅडम, मी गेलतो पावण्यांच्यात जत्रंला..." की त्या मध्येच म्हणायच्या, "घसा दाखवा, तोंड नको." काडीला कापूस लावून अशी आत घालायच्या की माणूस ओकारी देत मागं सरकायचं. "झालं. जत्रा आली काडीवर."

सगळ्या जंतूंत एक त्यांच्या खास आवडीचा. प्लेटवर त्याचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे. पण प्रत्येक ठिपक्याभोवतीचं रक्त तो खाऊन टाकतो आणि तिथं लाल खळ काचेसारखी स्वच्छ होते. मॅडम प्लेट खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटायच्या आणि त्या स्वच्छ गोलातून समोरच्या दुकानाची पाटी वाचायच्या. वाचता आली की खूष. मग तोच जंतू काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. एकदा मलाही बघायला लावलं. जांभळे मणी, एकापुढं एक, ओळीनं जोडलेले. "काय दिसतंय?" मी म्हटलं, "साखळी." "बरोबर. हे चौथीला कळतं आणि डॉक्टरांना शिकवावं लागतं."

माझं कौतुक होतं की डॉक्टरांचा अपमान, कोण जाणे. कौतुक नसावं.

त्या जंतूबद्दल म्हणायच्या, "हा सभ्य आहे. घशात येतो, चार दिवस ताप देतो, आपल्या पायानं निघून जातो. आई म्हणते पोर बरं झालं. बिल तो नंतर पाठवतो."

हातकणंगल्याच्या बाजूचा एक बागायतदार पायाला धावरं झालं म्हणून आला होता. पाय गुडघ्यापर्यंत लाल, तापलेला, वर काव फासलेली. गावातल्या कुणी तरी मंत्र घालून काव लावली होती. हे दुखणंही त्याच जंतूचं. मॅडमनी काव बोटानं खरवडली.

"ही घराच्या भिंतीला लावतात. तुम्ही भिंत आहात का?"

तो मोठा माणूस, बरोबर मुलगा, ड्रायव्हर. हसण्यावारी नेत म्हणाला, "आमच्यात असंच करत्यात मॅडम. गुण येतोय की."

मॅडमनी लाल भाग जिथं संपत होता तिथं पेननं रेघ मारली आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मुलगा विनवत होता, "मॅडम, दवाखान्यात नेऊ व्हय?" त्या म्हणाल्या, "जरा थांबा, तुमच्या वडिलांना शिकवतेय." थोड्या वेळानं बाहेर आल्या. लाली रेघेच्या वर बोटभर चढलेली.

"बघा. मी रेघ मारली तिथं तो थांबला नाही. मंत्राला थांबेल? आता पळा. उद्यापर्यंत पाय तुमचा राहतो की नाही, तेवढंच बघायचं."

पाय राहिला नाही. जंतू आतल्या मांसात उतरला होता. तो बाकावरचा वेळ नसता गेला तर राहिला असता का, हे मुलगा चौगलेभाऊंना विचारायला आला होता. भाऊ मशीनकडं बघत राहिले. तरी वर्षाच्या आत त्याच घरून मॅडमना गुळाची ढेप आली, कारण जीव वाचला होता. मॅडम ढेपेकडं बघून म्हणाल्या, "गूळ वेळेवर आणलात. पाय आणायला उशीर केलात." ज्यानं ढेप खांद्यावरून वर आणली तो त्याच माणसाचा मुलगा होता. तो तसाच जिना उतरला. गूळ आम्ही वाटून घेतला. मीही घेतला.

आता धनपालचं सांगते, ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले.

धनपाल हुपरीचा. हुपरीत घरोघर चांदीचं काम चालतं. त्याच्या घरात पैंजणांच्या साखळ्या व्हायच्या. तार ओढायची, कड्या कापायच्या, एकीत एक अडकवून डाग देऊन सांधायच्या. घरभर चांदीच्या बारीक कड्या, पोरं त्यातच रांगायची. त्याची मुलगी पद्मश्री, घरी सगळे पद्मी म्हणायचे. तेव्हा ती दुसरी-तिसरीत असेल. ताप आणि घसा. गावच्या डॉक्टरांनी घशाची तपासणी करून रिपोर्ट आणायला सांगितला होता.

मॅडमनी काडी घातली. पोर ओरडली नाही, फक्त मॅडमचं मनगट धरून ठेवलं. "सोड," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या बापाचं नाही ते."

दोन दिवसांनी धनपाल एकटा रिपोर्ट न्यायला आला. मॅडम काउंटरवर उभ्या राहून दुसऱ्याच कुणाचे कागद बघत होत्या. मी पलीकडं फरशी पुसत होते. हात जोडून तो म्हणाला, "जय जिनेंद्र मॅडम. काय निघालं?"

मॅडमनी मान वर केली नाही. "घशात साखळी निघाली."

"साखळी?" धनपालचं तोंड उघडंच राहिलं. "आमच्या घरातलीच असंल की हो?"

"मग कुणाची असणार? घरातच देता एकमेकांना."

"न्हाय मॅडम, आमी पोरांच्या हातात कवा देत न्हाय..."

"हातात द्यावी लागत नाही. तोंडातून जाते."

"मग आता भाईर कशी पडायची ती?"

"डॉक्टरांचं औषध पूर्ण घ्या, जाईल. नाही घेतलंत तर आत जाऊन बसेल."

"आत म्हंजे कुठं?"

"काळजात." मॅडमनी कागद उलटला. "पुढचा."

चौगलेभाऊंना तेव्हाच काहीतरी गमतीचं वाटलं असावं. त्यांनी खोकल्यासारखं केलं. पेशंटशी रिपोर्टबद्दल बोलायची आम्हाला बंदी होती, आणि धनपाल काय समजून गेला हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला, एवढं मी पाहिलं.

पुढचं आम्हाला नंतर समजलं. घरी जाऊन त्यानं चांदी वजन केली. घट आली. घट नेहमीच येते, तार ओढताना, डाग देताना. पण त्या दिवशी त्याला वाटलं, हीच ती. पोरीला केळी खायला घातली, तूप-भात घातला, घरच्यांनी तिच्या मागं मागं परसाकडं जाऊन शी तपासली. काही सापडेना म्हणून डॉक्टरकडं न जाता आधी इचलकरंजीला एक्सरे काढला. एक्सरेत साखळी नाही. सगळ्या घरानं सुस्कारा सोडला. तोवर ताप आपोआप उतरला होता, घसाही दुखायचा राहिला होता. साखळीच नाही तर औषध कशाला? रिपोर्ट इंग्रजीत होता. घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला.

काही आठवड्यांनी पोरीचा गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, मग मनगट. मग चार पायऱ्या चढली की धाप. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि पुन्हा आमच्याकडं रक्ताला पाठवलं.

या वेळी मॅडमनीच विचारलं, "मागं घशाला औषध दिलं होतं ना?"

धनपाल मोकळ्या मनानं म्हणाला, "गरज लागली न्हाय मॅडम. आमी एक्सरे काढला न्हवं का. साखळी न्हवतीच. तुमचं मशीन चुकलं असंल." आणि केळ्यांपासून सगळं सांगितलं.

चौगलेभाऊ हसले. मग मॅडम हसल्या. मी मॅडमना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धनपाललाही वाटलं काहीतरी विनोद झाला, तोही थोडा हसला. बाकावर पद्मी बसली होती. तिच्या फ्रॉकच्या पुढच्या बाजूला छाती उडताना दिसत होती. ती एकटी हसत नव्हती, मॅडमकडं बघत होती. मॅडमनी डोळे पुसताना तिच्याकडं पाहिलं आणि हसणं मध्येच थांबलं. कुणी नळ बंद करावा तसं.

चौगलेभाऊ जरा जास्त वेळ हसले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय ना? मोडलं की असेच हसा."

त्यानंतर साखळी हा शब्द त्यांनी पेशंटसमोर उच्चारला नाही. काही दिवस "मण्यांची माळ" म्हणून बघितलं, तर एका बाईनं विचारलं, "मंगळसूत्र काढून ठेवू का?" मग नुसतं "जंतू" म्हणू लागल्या. पण समजावून कुणाला सांगायच्या, असं मात्र नाही. तेवढ्यापुरती जीभ बदलली, माणूस तेच राहिलं.

पद्मीला दर तीन आठवड्यांनी कुल्ल्यात इंजेक्शन सुरू झालं. जळजळणारं, दोन दिवस लंगडवणारं. तरी काळजाची एक झडप खराब होतच गेली. ती दहावीला असताना डॉक्टरांनी झडप बदलायला सांगितली. सरकारी मदतीत बसलं ते बसलं, उरलेल्यासाठी धनपाल तार ओढायचं यंत्र विकायला निघाला. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना पद्मीला घेऊन आला, तिला बाकावर बसवलं, तेव्हा बोलता बोलता मॅडमच्या कानावर गेलं.

"यंत्र विकलंस तर खाशील काय? पोरीची झडप?"

मॅडमनी चेकबुक काढलं. तो पाया पडायला वाकला तर पाय मागं घेतले.

"दान करत नाही मी. उसने आहेत. थोडे थोडे फेड. आणि पोरीनं आणून द्यायचे, माझ्या हातात. नाहीतरी रक्ताच्या तपासणीला तिला यावंच लागणार आहे."

बदललेली झडप धातूची. रक्त त्यावर गोठू नये म्हणून रोज गोळी आणि महिन्याला रक्ताची तपासणी. आणि ती झडप वाजते. हे मला माहीत नव्हतं. पद्मी पहिल्यांदा आली तेव्हा केबिनमध्ये मी काच पुसत होते. मॅडमना आवाजाचं वावडं, लॅबमध्ये भिंतीवर घड्याळसुद्धा नव्हतं. केबिनमध्ये टिक टिक ऐकू आलं तशा त्या म्हणाल्या, "चौथी, घड्याळ कुणी आणलं?"

"मी," पद्मी म्हणाली. आणि ओढणीवरून छातीला बोट लावलं.

मॅडम मला म्हणाल्या, "पंखा वाढव."

त्या दिवसापासून ती आली की पंखा वाढवायचा, हा माझ्या कामाचा भाग झाला. पंखा फुल केला की टेबलावरचे कागद उडायचे, मॅडम दोन्ही हातांनी ते दाबून धरायच्या. पद्मी मुद्दाम खुर्ची पुढं ओढून बसायची. काम झालं तरी बसायची. आणि गप्प बसायची, हेच वाईट होतं.

बोलली तर मॅडमसारखीच बोलायची. ते ती कुठून शिकली ते उघड आहे. बघायला आलेल्या पावण्यांचं तिनं एकदा सांगितलं. बैठकीत सगळे गप्प झाल्यावर मुलाच्या आईनं इकडं तिकडं बघत विचारलं, "घड्याळ कुठं हाय वो?" ही म्हणाली, "माझ्या छातीत हाय. बंद पडलं की कळवतो तुमास्नी." पावणे पोहे न संपवता उठले.

"मूल झेपायचं न्हाय म्हणत्यात डॉक्टर," ती मॅडमना म्हणाली. "तवा ते पोहे वाया गेल्याचंच वाईट वाटलं."

मॅडम कागद दाबून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गोळी रोज घेतेस?"

"घेतो की. आता औषध पुरं घेतो आमी. शिकलो."

ती घरी बसून साखळ्या जोडायची आणि त्याचे पैसे आणायची. कधी जास्त, कधी अगदी थोडे, पण आल्याशिवाय राहिली नाही. एकदा, मॅडमची तब्येत उतरायला लागली होती तेव्हा, त्या म्हणाल्या, "उरलेले राहू देत."

"का वो?" पद्मी म्हणाली. "उसनं म्हणालासा न्हवं? दान करत न्हाय म्हणालासा. मी हुतो की तिथं, बाकावर."

मॅडमनी पैसे घेतले. मोजून ड्रॉवरमध्ये टाकले.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते गेल्या थंडीत. नंतर त्या दवाखान्यात होत्या आणि तिथल्या चेहऱ्यात काही उरलं नव्हतं, ते मी धरत नाही. त्या दिवशी दुपारी पद्मी आली. मी सवयीनं पंखा फुल केला. तिनं रुमालातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या आणि वर पाण्याचा ग्लास ठेवला, उडू नयेत म्हणून.

"मोजून घ्या मॅडम. हे शेवटचं."

मॅडमनी मोजले नाहीत. ग्लासकडं बघत विचारलं, आणि आवाज असा की मीही पुढं वाकले, "पुढच्या तपासणीला कधी येणार?"

"इथं कशाला?" पद्मीनं ओढणी सारखी केली. "इचलकरंजीत करत्यात की तपासणी. एवढ्या लांब यायचं ते पैशासाठी. फिटलं की आता सगळं."

उठली, हात जोडून "जय जिनेंद्र" म्हणाली आणि बाहेर पडली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

मॅडम तशाच बसल्या होत्या. एक हात नोटांवर, मान थोडी वाकडी.

"चौथी, पंखा बंद कर."

मी बटण दाबलं. पाती हळू होत होत थांबली. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते आणि कान दाराकडं लावला होता. खोलीत काहीच वाजत नव्हतं. नोटा जागच्या जागी होत्या, हिशोब पुरा.